खमीर घेऊन वाळवंटात

माझ्या थोरल्या जाऊबाईंबद्दल सांगायचं तर सुरुवात त्यांच्यापासून करताच येत नाही. आधी भांड्याबद्दल सांगावं लागतं. आमच्या घरी येणाऱ्यालाही आधी भांडं दिसायचं आणि मग जाऊबाई, कारण त्या कायम भांड्याच्या मागे असायच्या.

आमची बेकरी आहे. म्हणजे मामंजींची, माझ्या सासऱ्यांची. बाकीचे आम्ही तिथे राबतो आणि तिथेच वरच्या मजल्यावर झोपतो. पाव, बन आणि टोस्ट, एवढंच करतो. केक समोरचा करतो, आणि मामंजींच्या मते त्या माणसाने सरळ रंगाचं दुकान टाकावं. आमच्या पावाला मात्र नाव आहे. त्यात विकतचं यीस्ट पडत नाही, घरचं खमीर पडतं. मैदा आणि पाणी कालवून आंबवलेलं ते पांढरं, बुडबुड्यांचं प्रकरण मामंजींच्या आजीने लावलं आणि तेव्हापासून ते जिवंत आहे. रोज त्यातलं अर्धं काढून कणकेत घालायचं आणि उरलेल्याला पुन्हा मैदा-पाणी द्यायचं. सकाळी द्यायचं, संध्याकाळी द्यायचं, उन्हाळ्यात मधेही एकदा द्यायचं. विसरलात तर ते आंबटढाण होतं, आणखी विसरलात तर काळं पाणी सोडतं आणि मरतं. आमच्याकडे माणूस आजारी पडलं तर त्याला जरा पडून राहा म्हणतात, आणि खमिराला कसं आहे ते मात्र येता-जाता विचारतात.

त्या खमिराला पुरुषांनी हात लावायचा नाही. भट्टीवर काम करणाऱ्याचे हात गरम, आणि गरम हाताने खमीर जळतं, असं त्या आजीने सांगून ठेवलंय. म्हातारी फार हुशार असणार. फक्त ती कुणाच्या बाजूने हुशार होती ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कारण त्यामुळे भांडं कायम घरातल्या एका बाईच्या गळ्यात पडतं, आधी ती बाई म्हणजे सासूबाई होत्या, त्या आता नाहीत, आणि मी लग्न होऊन आले तेव्हा जाऊबाई होत्या.

मी आल्या आल्याच सांगून टाकलं की मला बोलता चांगलं येतं, मी दुकानात गिऱ्हाईक बघेन. भांड्याला मी लांबूनच नमस्कार केला. मामंजींच्या कपाळावर आठी आली, पण मी कालचा पाव गोड बोलून आज खपवते हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी चालवून घेतलं.

भांडं असायचं मागच्या खोलीत. भट्टीच्या पाठीला लागून असलेली ती खोली उबदार म्हणून खमिराला मानवते. तिला खिडकी नाही, कारण वारा खमिराला सोसत नाही. एक बल्ब, एक फळी, मैद्याची पोती, एक स्टूल. जाऊबाईंचा दिवस तिथे जायचा. भांडं पुसायचं, ढवळायचं, वास घ्यायचा, फडकं ओलं करून वर टाकायचं, आणि मधल्या वेळात तिथेच बसून पावाच्या पिशव्यांना शिवण मारायची. दार जरा उघडं राहिलं की बाहेरून मामंजी नुसतं 'दार' म्हणायचे, की आतून दार बंद. मी कधी चहा द्यायला गेले तर दोन घोटांच्या वर मला तिथे थांबवत नसे, जीव घुसमटायचा.

भावाच्या लग्नाला त्या सकाळी गेल्या आणि पंगतीची पानं मांडायला घेतली तेव्हा परत निघाल्या. बाळंतपणाला दवाखान्यात गेल्या त्या भांडं घेऊनच. तिथल्या नर्सला वाटलं घरून काही खायला आलंय, म्हणून तिने ते फ्रिजमध्ये ठेवलं. मग जो गोंधळ झाला त्यात मुलगा झाल्याची बातमी मामंजींना खमिराच्या बातमीनंतर कळली. तो मुलगा आता शिकायला बाहेरगावी असतो आणि सुट्टीतसुद्धा फारसा येत नाही. तो सुटला.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, कंटाळा नाही का येत? जाऊबाई शिवण न थांबवता म्हणाल्या, "येतो की. पण कंटाळ्याला थोडीच भूक लागते?" त्यावर मी हसले, आणि खोलीतून बाहेर आल्यावर मला वाईट वाटलं.

जाऊबाईंचं माहेर वाळवंटाच्या काठावरचं. आमच्या गावापासून गाडीने दोन-अडीच तासांवर शेवटची वस्ती लागते, तिथे त्या वाढल्या. त्यांच्या लहानपणी सगळी वर्षं कोरडीच गेली. पण घरातली म्हातारी माणसं सांगायची की या रेतीखाली बी पडलेलं आहे, वर्षानुवर्षं पडून राहतं, आणि एखाद्या वर्षी पाऊस मनापासून पडला की सगळं माळरान फुलांनी भरतं. त्यांच्या आईने ते एकदा पाहिलं होतं. आजी मेली ती न बघताच. जाऊबाईंचं लग्न झालं, पुढे माहेरची माणसंही तिथून उठून दुसरीकडे गेली, आणि तिकडे जायचं काही कारणच उरलं नाही.

त्या वर्षी पाऊस असा पडला की आमच्या पोत्यांतल्या मैद्याचे गोळे झाले आणि टोस्ट कुरकुरीत राहीना. गिऱ्हाइकं मला विचारायची, हा टोस्ट आहे की स्पंज. मी म्हणायचे, चहात बुडवायचे कष्ट वाचले तुमचे. पाऊस ओसरल्यावर थोड्या दिवसांनी पेपरात पहिल्या पानावर फोटो आला, वाळवंट फुललं. लोक गाड्या भरभरून जायला लागले. जाऊबाई त्या दिवशी जेवायला बसल्या होत्या. घास हातातच ठेवून त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मला ते बघायचंय."

आमच्या घरात मीठ द्या यापलीकडे त्यांनी काही मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. भावोजी, म्हणजे त्यांचे नवरे, यांनी तर त्यांना बरं वाटतंय ना असं विचारलं. भावोजी स्वभावाने चांगले. इतके चांगले की समोर दोन माणसं भांडत असली तर ते दोघांनाही बरोबर म्हणतात आणि गाडी पुसायला निघून जातात.

मामंजी काही बोलले नाहीत. पुढचे काही दिवसही बोलले नाहीत, आणि हे असंच विरणार असं मी धरून चालले. पण मग समोरचा केकवाला बायकापोरांसकट जाऊन आला आणि रस्त्यात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला फोटो दाखवत फुलांचं वर्णन करायला लागला. ते मामंजींना सहन झालं नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, जायचं. पहाटेचा माल नेहमीसारखा काढायचा, दुकान शेजाऱ्यावर सोपवायचं आणि उजाडायच्या आत निघायचं. दुपारी परत, कारण दुसऱ्या दिवशीची कणिक दुपारीच लावावी लागते.

तेव्हा जाऊबाईंनी सांगितलं, माझ्यासमोर सांगितलं, की इतक्या लवकर जाऊन उपयोग नाही. आई सांगायची, ती फुलं ऊन चांगलं तापल्याशिवाय उमलत नाहीत. सकाळी मिटलेलीच असतात. आपण अकराच्या पुढे पोचू असं निघावं.

मामंजींनी हे ऐकून घेतलं आणि त्यांना खरोखर सुनेची कीव आली. "अगं, फूल कुठलंही असो, बाजारात पहाटेच येतं," ते म्हणाले. "उन्हं वर आल्यावर जे उरतं, त्याला उरलंसुरलं म्हणतात."

यात त्यांची चूक आहे असं मी म्हणणार नाही. त्यांचं आयुष्यच तसं गेलेलं. अख्खा जन्म त्यांनी मध्यरात्री उठून काढला. चांगला पाव उजाडेपर्यंत विकला जातो, नऊनंतर येणाऱ्याला मोडका-करपलेला मिळतो, आणि दुपारी ते स्वतः झोपलेले असतात. दुपारी जगात काही घडतं यावर त्यांचा विश्वासच नव्हता. भावोजींनी मान हलवली, आमच्या ह्यांनी मान हलवली. मी म्हटलं, जाऊबाई तिथल्याच आहेत, त्यांना ठाऊक असणार. त्यावर मामंजी म्हणाले की तिने तरी कुठे पाहिलंय. तेही खरंच होतं.

गाडी म्हणजे आमची पाव पोचवायची गाडी. पुढे तिघं बसतात आणि मागे पत्र्याचा बंद डबा, पावाच्या ट्रेंसाठी. पुढे मामंजी, भावोजी आणि आमचे हे. मागे मी, जाऊबाई आणि माझी लेक चिंगी. ट्रे काढायला वेळ नव्हता म्हणून ते एका बाजूला रचून बांधले, खाली पोती टाकली आणि आम्ही बसलो. जाऊबाईंच्या मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेलं भांडं. निघायच्या आधी खमिराला खायला मिळालं नव्हतं, ते वाटेत द्यायचं होतं, म्हणून मैद्याची पुडी आणि पाण्याची बाटलीही बरोबर. मामंजींनी बाहेरून दोन्ही दारं लावली आणि आडवा दांडा टाकला. आतून कडी नाही, कारण पाव आपणहून उतरत नाहीत.

त्या डब्यात खिडकी नाही हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि आत बसणं वेगळं. छताला वाऱ्यासाठी एक झडप आहे, तिच्यातून हवा यायची, उजेड नाही. मागच्या दाराचं जुनं कुलूप बदललं तिथे मात्र अंगठ्याएवढं भोक राहिलंय. बाकी सगळा अंधार, ट्रेंचा खडखडाट आणि आंबट वास. रस्ता वळला की आम्ही तिघी एका बाजूला, पुन्हा वळला की दुसऱ्या बाजूला. चिंगीला पहिला अर्धा तास मजा वाटली. मग ती रडली, मग झोपली. मी मामंजींना मनातल्या मनात जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. जाऊबाई दोन्ही हातांनी भांडं धरून बसल्या होत्या आणि मधून मधून टॉवेलच्या आत बोट घालून बघत होत्या. मी विचारलं, अंधारात काय दिसतं? त्या म्हणाल्या, बघायला लागत नाही, बोटाला कळतं.

दार उघडलं तेव्हा आमचे डोळे दिपतील असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. बाहेर धुकट, राखाडी सकाळ होती आणि थंडी. आम्ही उतरलो. जिकडे बघावं तिकडे मळकट हिरवं, घोट्याएवढ्या उंचीचं गवतासारखं काहीतरी, त्यावर दव, आणि प्रत्येक काडीच्या टोकाला मान टाकलेली एक मिटलेली कळी. ना रंग, ना वास. दुसरं एकही माणूस तिथे नव्हतं, एकही गाडी नव्हती. एवढ्यावरूनही आमच्या पुरुषांच्या डोक्यात प्रकाश पडायला हरकत नव्हती.

मामंजी चपलेच्या टोकाने ते गवत हलवून बघत फिरले. मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, हे? कोथिंबिरीचा वाफा बरा. केकवाल्याने फोटोतले रंग हाताने भरले असणार, त्याचा तो धंदाच आहे. आमचे हे हसले. भावोजी हसले नाहीत, पण गाडीची काच पुसायला लागले.

जाऊबाई भांडं काखेत धरून थोड्या आत गेल्या आणि खाली बसल्या. त्यांनी एक कळी बोटाने जरा उघडून पाहिली. मी मागून बघत होते. आत केशरी होतं. त्यांनी ती परत हलक्या हाताने मिटवली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिल्या. मग त्या उठल्या, मामंजींच्या समोर आल्या आणि म्हणाल्या, "थांबू या. ऊन येऊ दे. धुकं गेलं की उमलतील."

मामंजींनी भावोजींकडे बघितलं, भावोजींनी घड्याळाकडे. कणिक वेळेवर लागली नाही तर उद्याचा माल नाही. उद्या माल नाही म्हणजे दुकान बंद, आणि दुकान एकदा बंद दिसलं की गिऱ्हाईक समोर वळतं. हे सगळं मामंजी बोलले, आणि रागाने नाही बोलले. भट्टी थंड पडायची भीती त्यांच्या आवाजात मला ऐकू आली. ती भीतीच आम्हा सगळ्यांना वर्षानुवर्षं पहाटे उठवत आलीय.

"मग तुम्ही जा," जाऊबाई म्हणाल्या. "मी थांबते. लोक येतील, बस येईल. मी संध्याकाळी येते."

'मी थांबते' असं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला इतका आनंद झाला की मी चिंगीचा हात जोरात दाबला.

"थांब की," मामंजी म्हणाले. "पण भांडं कोण धरणार?"

मी म्हटलं, भांडं काय रडणार आहे का, ठेवा कोपऱ्यात. मामंजींनी रस्त्याकडे बोट केलं. पावसाने रस्ता जागोजागी खचला होता, येताना आमची हाडं खिळखिळी झाली होती. कोपऱ्यात ठेवलेलं भांडं पहिल्याच खड्ड्यात आडवं झालं असतं. आणि पुढे बसलेल्या तिघांचेही हात गरम. मामंजी माझ्याकडे बघतही नव्हते, कारण त्यांच्या लेखी मी दुकानातली. जाऊबाईही माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या भांड्याकडे बघत होत्या. त्यांनी फडक्याची एक बाजू उचलली, आत पाहिलं, पुन्हा झाकलं.

"वर आलंय," त्या म्हणाल्या. "नीट धरलं नाही तर उतू जाईल." आणि त्या मुकाट्याने गाडीत चढल्या.

मागून आम्ही चढलो. दांडा पडला.

परतीच्या वाटेवर मला इतका राग आला होता की खड्डेसुद्धा जाणवेनात. मामंजींचा आला, भावोजींचा आला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त जाऊबाईंचा आला. ठेवायचं होतं ना ते भांडं रस्त्यात. आपटायचं होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. अंधारातून चमच्याचा आवाज आला, त्या खमिराला खायला घालत होत्या.

थोड्या वेळाने चिंगी उठून दारापाशी गेली आणि भोकाला डोळा लावून उभी राहिली. तिला आधी रस्ता दिसला, मग एक फाटकं टायर दिसलं. मग ती म्हणाली, आई, धुकं गेलं. मग काहीच बोलली नाही. मी विचारलं, झोपलीस की काय उभ्या उभ्या?

"पिवळं," ती म्हणाली. "सगळं पिवळं झालंय."

मी तिला बाजूला केलं आणि डोळा लावला. मला जे दिसलं ते मी नीट सांगू शकणार नाही, आणि मी बोलण्यात कधी कमी पडत नाही. रस्ता आमच्या मागे सुटत चालला होता आणि त्याच्या दोन्ही अंगांनी पार आभाळापर्यंत फुलं. पिवळी, मधेच केशरीचे पट्टे, मधेच जांभळं. आणि सगळीच्या सगळी तोंड वर करून आमच्याकडे बघत होती. सूर्य गाडीच्या समोर होता, फुलं सूर्याकडे वळलेली, म्हणून मागच्या दाराला त्यांची तोंडं आणि पुढच्या काचेला त्यांच्या पाठी. पुढे बसलेल्या तिघांना एवढी मोठी काच होती आणि त्यांना काही दिसत नव्हतं. भावोजींनी नंतर सांगितलं, ऊन डोळ्यांवर येत होतं, बाजूला सगळं ते तसलंच मळकं हिरवं.

मी पुढच्या पत्र्यावर मुठी आपटल्या, हाका मारल्या, चिंगीने ट्रे वाजवला. गाडी थांबली नाही. पावाच्या गाडीत मागे खडखडाट होतो याचं कुणाला नवल वाटणार? तो रोजचाच. मामंजींना तसंही कमी ऐकू येतं.

जाऊबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या चिंगीला विचारत होत्या, केशरी आहेत का? किती आहेत? जमीन दिसते का मधे? चिंगीने थोडा वेळ सांगितलं. मग तिला कंटाळा आला. सगळं तेच तेच आहे, ती म्हणाली आणि बन खायला बसली. भोक मोकळं झालं. त्यातून उन्हाचा एक बारीक झोत आत आला आणि जाऊबाईंच्या हातांवर पडला. तेव्हा मला दिसलं की भांडं त्यांनी इतकं घट्ट धरलंय की बोटांची पेरं पांढरी पडली आहेत.

मी म्हटलं, जा ना, बघा ना. त्या म्हणाल्या, आता दिलंय ना खायला, फसफसतंय, जरा बसू दे. मी म्हटलं, ते बसेपर्यंत फुलं संपतील. त्या म्हणाल्या, हो. त्या 'हो'ने माझं डोकं फिरलं. मी सरकत सरकत त्यांच्याकडे गेले आणि हात पुढे केले.

"द्या इकडे ते," मी म्हटलं. "द्या म्हणते ना."

त्यांनी लगेच दिलं नाही. गाडी एका खड्ड्यातून गेली, आम्ही दोघींनी मिळून ते सावरलं, आणि मग त्यांनी बोटं सोडली. ते भांडं केवढं जड आहे याची मला कल्पना नव्हती. आणि ते कोमट असतं, आत काहीतरी हलत असतं, तळहाताला कळतं. मी पोत्यावर बसून ते मांडीत घेतलं. जाऊबाई गुडघ्यांवर रांगत दारापाशी गेल्या आणि भोकाला डोळा लावला.

त्या हलल्या नाहीत. फुलं संपेपर्यंत नाहीत, आणि संपल्यावरही नाहीत. पेट्रोलपंप आला, गोदामं आली, गावातली रहदारी ऐकू यायला लागली, तरी त्या तशाच गुडघ्यांवर वाकून होत्या. मी दोनदा विचारलं, काय दिसतंय आता? त्यांनी ऐकलं नाही. माझे हात भरून आले, पण बाजूला ठेवू म्हटलं तर ठेवायला सपाट जागा नव्हती.

बेकरीच्या मागच्या बाजूला गाडी लागली आणि दांडा निघाला. जाऊबाई आधी उतरल्या. मामंजी चिंगीला म्हणत होते, बघितलंस ना, काही नव्हतं तिथे. मी भांडं घेऊन सांभाळून उतरले आणि जाऊबाईंपुढे धरलं. त्यांच्या गालावर दाराच्या गंजाचा गोल ठसा उमटला होता. त्यांनी हात पुढे केले नाहीत. मला वाटलं लक्ष नाही, म्हणून मी पुन्हा धरलं.

"सासूबाई मला एवढंच म्हणाल्या होत्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जरा धर." आणि त्या जिना चढून वर गेल्या.

मी तिथेच उभी राहिले. कणकेची वेळ झाली होती, भट्टीवरून हाका येत होत्या. भांडं जमिनीवर ठेवून मीही वर जाऊ शकले असते. पण ते माझ्या हातात कोमट होतं, आणि फडक्याखालून फेस कडेला आला होता. मी मागच्या खोलीत गेले. मामंजी दारापर्यंत आले, त्यांनी मला पाहिलं, भांडं पाहिलं, जरा थांबले. "मैदा बेताने घाल," ते म्हणाले. मग म्हणाले, "दार."

मी दार लावून घेतलं.

जाऊबाई दुसऱ्या दिवशी ऊन अंगावर येईपर्यंत झोपल्या. आठवड्याच्या मधे एका दिवशी जेवून-खाऊन, कुणाला न विचारता, त्या बसने वाळवंटात गेल्या आणि दिवेलागणीला परत आल्या. तोंड उन्हाने लाल झालं होतं. आता दुकानात त्या असतात. गिऱ्हाइकाशी त्या फार बोलत नाहीत, पण गिऱ्हाईक त्यांच्याशी बोलतं, आणि कालचा पाव त्या सरळ कालचा म्हणून सांगतात. माझा त्यांच्यावरचा राग गेलेला नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं, हे कळूनही जात नाही.

परवा त्या माझ्यासाठी चहा घेऊन आत आल्या, दोन घोटांपुरत्या थांबल्या आणि म्हणाल्या की पुन्हा असा पाऊस झाला तर तू जाऊन ये. मी म्हटलं, कोण धरणार हे? कप घेऊन त्या निघून गेल्या आणि दार तेवढं उघडं राहिलं. दारात चिंगी उभी होती. तिने ऐकलं असावं. ती आत आली, फळीपाशी टाचा उंचावून उभी राहिली आणि म्हणाली, आई, मी धरू का जरा?

मी तिच्या हातावर चापट मारली. चांगली जोरात बसली. हात लावायचा नाही म्हटलं, आणि या खोलीत पुन्हा यायचं नाही, जा, बाहेर खेळ. ती रडत बाहेर गेली. मी तिला जवळ घ्यायला उठले नाही. रडू दे, पण बाहेर राहू दे.